कोऱ्या कड्याच्या खोबणी

आम्ही पुणं सोडून चोपड्याला राहायला जाणार म्हटल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी आधी फोनवर नकाशा उघडला. माझी मोठी बहीण म्हणाली, "जळगाव जिल्ह्यात? तिथल्या उन्हात लोक सुट्टीलासुद्धा जात नाहीत, चारू. एक उन्हाळा काढा, मग बोलू."

"बोलू," मी म्हटलं.

मला उत्तरेकडची खिडकी हवी होती आणि चोपड्याच्या घराला ती होती. उघडली की आधी केळीच्या बागा, मग कापसाची काळी रानं, आणि त्यांच्या मागे आडवा पसरलेला सातपुडा. पुण्यात आम्ही ज्या दोन खोल्यांत राहत होतो, त्याहून कमी भाड्यात इथं वरचा अख्खा मजला मिळाला. वर गच्ची, मागे लिंबाचं झाड. माझा नवरा हितेंद्र कंपनीचं काम घरूनच करतो. वीज आणि इंटरनेट असलं की तो कुठंही बसतो. मी प्रस्तरारोहण शिकवते, म्हणजे दोराच्या आधारानं कडे चढायला. माझं अर्धं आयुष्य मात्र कड्यांपर्यंत पोचायच्या वाहतुकीत गेलं होतं. आता डोंगर खिडकीत होता.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण मंदाबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, पहिल्या दिवशी आम्ही सामान उतरवत असताना कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मग अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठा पोरं पुनाले पयतस, नि तुम्ही पुनाथाईन आठे उनात? काय चोरी करीसन उनात का?"

"डोंगर चढायला आलो, अक्का."

"डोंगरमा काय शे?" त्या खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं म्हणाल्या, आणि संध्याकाळी भरीत-भाकरी घेऊन वर आल्या.

अमरसिंगची ओळख हितेंद्रच्या बंद पडलेल्या मोटारसायकलमुळं झाली. लासूरला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि घर तिथून आत, डोंगराच्या पायथ्याला उंबरपाड्यावर. तिशीचा, पावरा आदिवासी, बोलायला मोकळा. मी काय करते ते कळल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "ताई, दिवाळी झाली की आमचा अर्धा पाडा ऊस तोडायला गुजरातेत जातो. घरांना काट्या लावून. हे तुमचं दोराचं काम आमच्या लोकांना शिकवाल? लोक चढायला येतील, आमचे लोक त्यांना चढवतील." मी हो म्हटलं. त्या दिवसापासून तो भागीदारच झाला. ग्रामसभेचा ठराव, वनखात्याची परवानगी, सगळं त्यानंच फिरून मिळवलं.

कडाही त्यानंच दाखवला. पाड्याच्या मागे नाला ओलांडला की सालईच्या रानातून एक काळी भिंत उभी राहते, सात-आठ मजली इमारतीएवढी. पाड्यावर तिला कोरा कडा म्हणतात. नाव बरोबर होतं. इतका साफ दगड मी सह्याद्रीत पाहिला नव्हता. ना भेग, ना कपार, ना गवताचं पातं. पाखरांची विष्ठासुद्धा नाही. मी पायथ्यानं चालत तळहात फिरवत गेले. बोट अडकवायला कुठं जागा नव्हती.

"इथं बोल्ट मारावे लागतील," मी म्हटलं. "दगडात भोक पाडून लोखंडी कड्या बसवायच्या. मग चांगली वाट होईल."

परतताना अमरसिंगच्या घरी चहा घेतला. त्याची आई, कस्तुराबाई, चुलीपाशी बसून माझ्या हातांकडं बघत होती. माझ्या उजव्या हाताची अनामिका पूर्वी मोडून वाकडी जुळली आहे, म्हणून बघत असेल असं मला वाटलं.

"त्या दगडले हात लावा का?" तिनं विचारलं.

"लावला. का?"

"नका लावू, बाई. त्याले हात आवडतस."

अमरसिंग हसला. "आई कुणालाच काही करू देत नाही, ताई. मला दुकानसुद्धा काढू देत नव्हती." म्हातारीनं चुलीत लाकूड सारलं.

थंडीत आम्ही तयारी केली. मागच्या वाटेनं कड्याच्या माथ्यावर गेलो, तिथल्या जुन्या अंजनाच्या खोडाला दोर बांधून खाली सोडायचा सराव केला. पाड्यावरच्या सहा-सातजणी शिकायला येऊ लागल्या. त्यांना आम्ही अलीकडच्या टेकडीवर घेऊन जायचो. कोरा कडा मी शेवटासाठी ठेवला होता.

होळीनंतर बोल्टच्या जागा नक्की करायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा भिंतीत खोबण होती.

माझ्या खांद्याच्या उंचीवर. चार बोटं मावतील एवढी, कडा गोल झालेल्या, जुन्या पायऱ्यांचा दगड झिजतो तशा. आपण पहिल्या वेळी बघितली नसेल, असं मी म्हटलं. अमरसिंगनं मान डोलावली. पण आम्ही दोघांनीही भिंत बोटांनी चाचपली होती. मी फोनमधला जुना फोटो काढला. त्यात त्या जागी नुसता दगड होता.

पुढच्या वेळी तिच्या वर, जरा डावीकडं, दुसरी होती. मग तिसरी. महिन्याभरात भिंतीवर खोबणींची वर जाणारी वाटच झाली.

"कुणीतरी कोरतंय," हितेंद्र घरी म्हणाला. "तुमचं काम बिघडवायला. किंवा मदत म्हणून. गावात हौशी लोक असतात."

मलाही तेच वाटत होतं. पण दगड कोरला की चुरा पडतो, आणि पायथ्याशी चुरा नव्हता. वाळलेली पानं जशी पडली होती तशीच होती. मी पहिल्या खोबणीत हात घातला. चार बोटं आत गेली. अनामिका नेहमी बाहेर राहते, कुठल्याही कपारीत मला हात वळवून घ्यावा लागतो. इथं तिच्यासाठी आत वेगळी वाकडी जागा होती.

हे मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला हाव सुटली होती.

एप्रिलमध्ये एका सकाळी, ऊन चढलेलं असताना, मी ती वाट चढले. वर अंजनाला बांधलेल्या कडीतून ओवलेल्या दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं खाली अमरसिंगच्या हातात. उघड्या भिंतीला हात लावला तर चटका बसत होता, पण खोबणींच्या आतला दगड माठासारखा गार होता. आणि काय चढाई होती ती! हात उचलला की जिथं तो आपोआप जाईल तिथंच खोबण. पाऊल उचललं की अंगठ्याखाली आधार. मला वर बघावंसुद्धा लागत नव्हतं. इतक्या वर्षांत एवढं हलकं मी कधी चढले नव्हते. दम लागत नव्हता. खालून अमरसिंग काहीतरी ओरडत होता, ते मला फार दूरचं वाटत होतं.

तो ओरडत होता ते दोराबद्दल. दोर सरळ वर जात होता आणि मी डावीकडं सरकत चालले होते. खोबणी तिकडं नेत होत्या, भिंतीच्या एका फुगवट्यामागे. खालून तो फुगवटा दिसत नाही. त्याच्या आड एक उभी कपार होती, माणूस आडवा होऊन आत शिरेल एवढी. शेवटची खोबण तिच्या तोंडाशीच होती.

आतून वास आला. मातीचा नाही, वटवाघळांचाही नाही. माणसांचा वास. भर दुपारी काचा लावलेल्या एसटीत येतो तसा, पुष्कळ माणसं दाटीनं बसल्याचा. आवाज मात्र अजिबात नव्हता.

मी थांबले. परतायचं म्हणून पायाखाली बघितलं, तर जिथून आले होते तिथली भिंत कोरी होती. एकही खोबण नाही. फक्त माझे दोन हात ज्यांत होते त्या दोन, आणि पुढची, कपारीच्या तोंडाशी असलेली.

मला कुणी हात धरून नेलेलं लहानपणापासून आवडत नाही. मी त्या अंधाराकडं बघून मोठ्यानं म्हटलं, "येईन. पण माझ्या वाटेनं," आणि दोन्ही हात सोडून दिले. दोरानं मला लंबकासारखं उजवीकडं ओढून नेलं. खांदा भिंतीवर आपटला. अमरसिंगनं मला खाली घेतलं.

"कुठं चालला होतात, ताई? मी किती हाका मारल्या."

"ऊन लागलं असेल," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी भिंतीच्या उजव्या बाजूला, त्या कपारीपासून लांब, स्वतःचे बोल्ट मारले. दोराला लटकून, ड्रिलनं, एकेक करून. पुन्हा गेलो तर ते सगळे पायथ्याशी पडले होते. वाकलेले नाहीत, तुटलेले नाहीत, ओळीनं मांडलेले. भिंतीत भोकंही नव्हती. मी तेच बोल्ट उचलले आणि पुन्हा मारले. पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी मी नव्या भोकांत रेझिन, म्हणजे दगडाला घट्ट धरणारं चिकट रसायन, भरलं, लांब बोल्ट घातले. ते राहिले.

हितेंद्रनं तोवर सगळं ऐकलं होतं. एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "चारू, यातलं काहीच मला पटण्यासारखं नाही. आणि म्हणूनच मला इथं राहायचं नाही. परत जाऊ."

"कुठं? त्या दोन खोल्यांत?"

"तिथल्या भिंती निदान जागच्या जागी असतात."

"म्हणूनच सोडल्या," मी म्हटलं. तो चिडून उठला. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही इतके दिवस अबोल राहिलो नव्हतो. मला राग त्याचा नव्हता. एक दगड माझ्या घरात, माझ्या चहात येऊन बसला होता, त्याचा होता.

पहिला कोर्स वैशाखातच ठेवला होता, चोपड्याच्या कॉलेजातल्या मुलींचा. तो टेकडीवर होणार होता, कड्यावर नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. फक्त त्याआधी कड्यावरचा सराव-दोर सोडवून आणायचा होता. अमरसिंग म्हणाला, मी सकाळी पुढं होतो, तुम्ही निवांत या. हितेंद्र त्या दिवशी माझ्या मागे मोटारसायकलवर बसला. "तुला एकटीला नाही जाऊ देणार," एवढंच म्हणाला.

नाला ओलांडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सालईच्या एका फांदीवर अमरसिंगचा हार्नेस, दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, लटकत होता. खाली त्याच्या चपला, एकमेकींना चिकटून, नीट ठेवलेल्या.

मी वर बघितलं.

तो भिंतीच्या मध्यावर होता. दोर नाही, काही नाही. अनवाणी, शिडी चढावी तसा सावकाश चढत होता. खालून मला खोबणी दिसत होत्या. माझ्या खोबणींपेक्षा रुंद, बसक्या. त्याच्या हाताच्या.

"अमरसिंग!"

त्यानं ऐकलं नाही. तो डावीकडं सरकत होता.

अमरसिंगनं माथ्यावरून सोडवलेला दोर पायथ्याशी पडला होता; त्याचं एक टोक माझ्या हार्नेसला बांधून दुसरीकडून तो मी हितेंद्रच्या हातात दिला. त्याला मी एकदाच, गच्चीवर, दोर धरायला शिकवलं होतं. "मी पडले तर हा खाली दाबायचा. सोडायचा नाही."

"नाही सोडत," तो म्हणाला. त्यानं दोर मुठींत आवळला.

मी माझ्या बोल्टांच्या वाटेनं निघाले. ती माझी वाट होती आणि अवघड होती. बोटांची कातडी सोलत होती, चटके बसत होते, आणि मला बरं वाटत होतं की बसत आहेत. तिसऱ्या कडीत दोर अडकवला तेव्हा बोल्ट हलला. दुधाचा दात हलतो तसा. मी वर गेले. खाली काहीतरी टणकन पडलं. पहिला बोल्ट.

मी आणखी वर गेले.

दुसरा पडला.

अमरसिंगच्या उंचीला आले तेव्हा तो फुगवट्यापाशी पोचला होता. मी दोराच्या झोक्यानं त्याच्याकडं गेले आणि त्याच्या कमरेला मिठी मारली. मोकळ्या हातानं त्याच्याभोवती पट्टा फिरवून माझ्या हार्नेसला अडकवला.

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. झोपेतून उठवलेल्या माणसासारखं.

"ताई," तो हसून म्हणाला, "कितलं सोपं शे."

त्याचा उजवा हात कपारीच्या तोंडाशी मनगटापर्यंत आत होता. खोबणीत नाही. दगडात. मनगटाभोवती कुठं फट दिसत नव्हती.

वास आला. तोच, दाटीचा.

मी कमरेचा हातोडा काढला आणि भिंतीवर घातला. "हा माझा माणूस आहे," मी म्हटलं. "सोड."

पुन्हा घातला. ठिणग्या उडाल्या. "याची आई पाड्यावर आहे. याचं दुकान आहे. सोड त्याला!"

मी ओरडत होते की नाही, आठवत नाही. हितेंद्र सांगतो, पार नाल्यापर्यंत ऐकू गेलं.

दोन्ही पाय भिंतीला लावून मी अमरसिंगला मागे ओढलं. तो किंचाळला. मग एकदम सुटलो, आणि पडलो. माझा शेवटचा बोल्ट तेवढा भिंतीत होता. त्यानं आणि हितेंद्रनं आम्हाला धरलं. दोर घसरून हितेंद्रचे तळहात भाजले होते, पण त्यानं सोडला नव्हता. आम्ही जमिनीला टेकलो आणि तो बोल्टही, जणू वाट बघत असल्यासारखा, येऊन पानांत पडला.

भिंत कोरी होती.

अमरसिंगचं हाड मोडलेलं नव्हतं. चोपड्याच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला. तळहात गुळगुळीत होता. रेषा नव्हत्या, आयुष्याची नाही, कसलीच नाही. बोटांच्या पेरांवरही काही नाही. "दगडावर घासून गेलंय," डॉक्टर म्हणाले. "येईल परत." डाव्या हाताला काही झालं नव्हतं.

रेशन दुकानात यंत्रावर त्यानं उजवा अंगठा ठेवला, तो लागला नाही. दुकानदार म्हणाला, मजुरी करणाऱ्यांचं असं होतं, दुसरा लाव. अमरसिंग ते मला हसत सांगत होता. सांगता सांगता थांबला. "ताई, मी लहानपणापासून डावखुरा आहे. चढताना मी उजवा हात पुढं का घातला असेल?"

 मी कस्तुराबाईच्या अंगणात गेले तेव्हा तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून, उन्हात धरून नीट बघितले, आणि सोडून दिले. मग भाकरी वाढली.

कोर्स झाला. टेकडीवर, ठरल्याप्रमाणे. कॉलेजातल्या मुलींना पाड्यावरच्या मुलींनी चढवलं, आणि अमरसिंग खाली दोर धरून उभा होता, डाव्या हातात जोर घेऊन. दुसऱ्या कोर्सला शिरपूरहून, धुळ्याहून लोक आले. यंदा दिवाळीनंतर पाड्यावरची काही घरं तरी उघडी राहतील, असं तो म्हणतो. बहिणीचा फोन आला. "काढला का उन्हाळा?" मी म्हटलं, काढला.

कड्याकडं मी आता जात नाही. पण नाल्याच्या अलीकडं, जिथून तो दिसतो, तिथं बसून मुद्दाम डबा खाते. पाठ फिरवून नाही. त्याच्याकडं बघून.

परवा मागच्या बाजूला कपडे वाळत घालताना घराच्या उत्तरेकडच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक खोबण दिसली. गिलाव्याला तडा नव्हता, खाली चुरा नव्हता. मी सिमेंट कालवून ती बुजवली. दुसऱ्या दिवशी तिच्या वर एक होती. तीही बुजवली. बुजवलेली तशीच राहते, नवी तिच्यापेक्षा उंच येते. अक्का म्हणाल्या, "भिंतले इतलं काय थापी ऱ्हायनी, माय?" मी म्हटलं, ओल येतेय. हितेंद्रला मात्र खरं सांगितलं. त्यानं बुजवलेल्या जागा एकेक करून चाचपल्या. मला वाटलं, आता म्हणेल, निघू. तो बाजारात गेला आणि सिमेंटची आणखी एक गोणी घेऊन आला.

आज सकाळची खोबण आमच्या खिडकीच्या बरोबर खाली होती. मी शिडी लावून वर गेले, थापीवर सिमेंट घेतलं. बुजवायच्या आधी सवयीनं हात घालून पाहिला. पंजा मनगटापर्यंत आत गेला आणि तरी बोटांच्या पुढं, दोन्ही बाजूंना, बरीच जागा उरली. ही खोबण माझ्या मापाची नव्हती, अमरसिंगच्याही नाही.

आतली वीट गार नव्हती. कुणीतरी नुकताच हात काढून घेतल्यासारखी ऊबदार होती.